डीएनए किट घेतली, टक्क्यांपेक्षा मॅचची यादी जास्त कामाला आली

माझे मिस्टर आफ्रिकन अमेरिकन, मूळचे जॉर्जिया राज्यातले, आणि आईकडच्या घराण्यात कोणीतरी गोरं होतं एवढंच त्यांना ऐकून माहिती, म्हणून किट मागवली. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग ट्यूबमध्ये लाळ भरून पोस्टात टाकायची, बस्स.

रिपोर्टमध्ये नायजेरिया, कॅमेरून, बेनिन-टोगो आणि साधारण पाव हिस्सा युरोप आला. आफ्रिकेतल्या देशांचे टक्के फार मनावर घेऊ नका, तिकडचे सँपल अजून कमी आहेत आणि अपडेट आलं की आकडे हलतात. खरं सोनं म्हणजे मॅचची यादी, म्हणजे ज्यांचा डीएनए मिस्टरांशी जुळतो अशा लोकांची यादी! एका गोऱ्या लांबच्या बहिणीने तिच्या घराण्याची झाडं, म्हणजे वंशावळी, दाखवली आणि दोघांची गावं जुळली.

पण नुसत्या डीएनएवर भागत नाही हो. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं पहिल्यांदा अमेरिकेच्या 1870 च्या जनगणनेत येतात, त्याआधी 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. वाचताना फार राग येतो. गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदी नक्की बघा, त्यात कधीकधी आईवडील, भावंडं, सगळी नावं सापडतात, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची टेस्ट आधी करा, दर पिढीला डीएनए निम्माच पुढे जातो. पाचपैकी चार स्टार, कारण मॅचची झाडं उघडायला वेगळे पैसे मागतात.