एकच जीएलसी, दोन इंजिने: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

मर्सिडीज-बेंझच्या जीएलसी या एसयूव्हीची डिझेल गाडी, म्हणजे २२०डी, ताब्यात घेऊन मला पाच आठवडे झाले आहेत. माझ्या थोरल्या बंधूंनी त्याआधी महिनाभर याच गाडीची पेट्रोल आवृत्ती, जीएलसी ३००, दादरला आणली होती. गाडी पक्की झाली आहे पण इंजिन ठरत नाही, अशा पेचात आम्ही दोघेही बरेच दिवस होतो. त्याच पेचात असलेल्यांसाठी हा आढावा लिहीत आहे.

आधी जे समान आहे ते बाजूला काढतो. दोन्ही गाड्या चाकणच्या कारखान्यात जुळवल्या जातात. दोन्हींत दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना शक्ती आणि ६२० लिटरची डिकी आहे. मधला ११.९ इंचांचा उभा पडदाही तोच. आमच्या आईला दोन्ही गाड्यांत मागे बसवून विचारले, तेव्हा चढ-उतार आणि पाय ठेवण्याची जागा यांत तिला काहीच फरक जाणवला नाही. निवड करायची ती केवळ इंजिनाची.

आकडे असे आहेत. पेट्रोल इंजिन २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, तर डिझेल १९७ अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन-मीटर. नुसत्या अश्वशक्तीकडे पाहिले तर पेट्रोल सहज वरचढ वाटते, आणि मोकळ्या रस्त्यावर ती आहेही. परंतु गेल्या रविवारी आम्ही दोन्ही गाड्या घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला गेलो, आणि वाईनंतरच्या पसरणी घाटात मला हे गणित वेगळे दिसले. प्रत्येक गाडीत चार माणसे आणि सामान होते. वळणावर वेग कमी होऊन पुन्हा चढ सुरू झाला की डिझेल गाडी गिअर न बदलता, इंजिनाचा आवाज न वाढवता, तळापासून जोर लावून वर निघत असे. पेट्रोल गाडी तेच काम एखादा गिअर खाली येऊन, इंजिन थोडे अधिक फिरवून करत असे. दोन्ही गाड्यांना घाट जड गेला नाही, मात्र डिझेलमध्ये चालकाला कमी श्रम पडतात हे आम्हा दोघांनाही मान्य झाले. उतरताना गाड्यांची अदलाबदल केली, आणि सपाटीवर आल्यावर पेट्रोलची शांतता मला हेवा वाटावा अशी होती. गाडी उभी असताना डिझेलची हलकी थरथर बाहेरून ऐकू येते. काचा बंद केल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते, पण पेट्रोलमध्ये मुळातच नसते. सिग्नलवर बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू होताना मात्र दोन्हींत धक्का बसत नाही, कारण दोन्हींना ४८ व्होल्टची सौम्य हायब्रिड प्रणाली, म्हणजे इंजिनाच्या मदतीला छोटी विद्युत मोटर, आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पहिले १५०० किलोमीटर इंजिनावर पूर्ण जोर देऊ नये, असे मार्गदर्शक पुस्तिका सांगते. माझी गाडी २८०० किलोमीटर चालली असली तरी बंधूंची तेव्हा जेमतेम ९०० चालली होती, म्हणून आम्ही तिचा प्रवेगक पूर्ण दाबून पाहिलेला नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते निर्णय व्हायला हवा, तो. आजच्या डिझेल गाडीच्या धूरमार्गात काजळी अडवणारी गाळणी असते, आणि साठलेली काजळी जाळून ती गाळणी अधूनमधून मोकळी करावी लागते. त्यासाठी धूरमार्गाचे तापमान साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत जावे लागते, आणि ते काही काळ टिकावेही लागते. महामार्गावर हे काम चालकाच्या नकळत पार पडते. याउलट रोज सहा-सात किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापतच नाही, जाळण्याची क्रिया अर्धवट सुटते, गाळणी भरत जाते, आणि या क्रियेसाठी सोडलेल्या जादा डिझेलचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. बंधूंचा रोजचा प्रवास दादर ते वांद्रे-कुर्ला संकुल एवढाच आहे, तोही गर्दीतून. त्यांनी डिझेल घेतली असती तर गाळणीसाठी म्हणून मुद्दाम द्रुतगती मार्गावर फेरी मारावी लागली असती. मी कोथरूडहून दर आठवड्याला कोल्हापूरला जाऊन येतो, त्यामुळे मला या गोष्टीचा विचारही करावा लागत नाही.

डिझेलला अ‍ॅडब्लू हे धुरातील घातक वायू कमी करणारे यूरियाचे द्रावणही लागते. पंपावर ट्रकचालक त्याला सरळ ‘यूरिया’ म्हणतात. ते संपू दिले तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून पडद्यावरील सूचना दिसताच भरावे.

पैशांचा हिशेब लोक समजतात तितका डिझेलच्या बाजूचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ही पिढी भारतात आली तेव्हा शोरूम किंमत पेट्रोलची ७३.५ लाख आणि डिझेलची ७४.५ लाख रुपये होती. त्यानंतर किमती बदलल्या आहेत, तरी हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी हेच आकडे धरतो. महाराष्ट्रात २० लाखांवरील खासगी गाडीला एकरकमी कर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के आहे, म्हणजे पेट्रोलला सुमारे ९.५६ लाख आणि डिझेलला ११.१८ लाख. किंमत आणि कर मिळून डिझेल सुमारे २.६२ लाखांनी महाग पडते. महाबळेश्वरच्या फेरीत पडद्यावर पेट्रोलची सरासरी लिटरला ११.५ किलोमीटर आणि डिझेलची १६ दिसली. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर किलोमीटरमागे साधारण ३.४० रुपये वाचतात, आणि जादा दिलेले पैसे वसूल व्हायला सुमारे ७७ हजार किलोमीटर लागतात. माझ्या वापरात हे अंतर तीन वर्षांत होईल. शहरात दर किलोमीटरची बचत वाढते, कारण बंधूंची गाडी मुंबईत ८ आणि माझी पुण्यात ११ देते. तरीही वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या बंधूंना वसुलीसाठी नऊ वर्षे लागली असती.

म्हणून गाडी पाहायला जाताना वर्षाचे एकूण किलोमीटर न मोजता आपला नेहमीचा आठवडा डोळ्यांसमोर आणावा. आठवड्यातून एकदा तरी तास-दीड तास सलग महामार्ग असेल, तर डिझेल घ्यावी. घाटातील तिची सहजता रोज आनंद देते. आठवडाभर शहर आणि महिन्याकाठी एखादी अलिबाग किंवा लोणावळ्याची फेरी, असा क्रम असेल तर माझे मत निःसंशय पेट्रोलच्या बाजूने आहे. चाचणीसाठी मात्र दोन्ही इंजिनांच्या गाड्या मागाव्यात, घरची चार माणसे बसवावीत आणि जवळचा एखादा चढ चढून पाहावा. आम्हाला चाचणीसाठी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दिली होती, आणि तिथे हा फरक कळतच नाही.