किटलीचा लाल दिवा आणि निनावी ऑइल प्रेशर टेस्ट किट

डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा पेटला की बऱ्याच गॅरेजांत उत्तर ठरलेलं असतं: "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." हा सेन्सर, म्हणजे तेलाच्या दाबाचा स्विच, स्वस्त असतो, झटकन बसतो, दिवा विझला की गिऱ्हाईकही खूश. पण जुना स्विच खरं सांगत असेल, आणि नवा त्याहून जरा कमी दाबाला उघडणारा, म्हणजे दिवा विझवणारा, निघाला तर? दिवा विझतो आणि बेअरिंगं मात्र झिजत राहतात. हा धोका टाळायला तेलाचा दाब प्रत्यक्ष मोजणारा गेज लागतो. म्हणून ऑनलाइन दीड-दोन हजारांच्या आसपास मिळणारं, लाल किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातलं हे किट तपासण्याजोगं आहे.

डब्यात 0 ते 10 बारचा (140 पीएसआय) डायल, रबरी होज आणि दहा-बारा पितळी अडॅप्टर येतात. डायलवर रबरी कव्हर असतं, ते चांगलं. बाकीचं सविस्तर पाहू.

डबा उघडण्याआधी वायरिंगची तपासणी उरकून घ्या, तिला गेज लागत नाही. मारुती, टोयोटा, होंडाच्या बहुतेक साध्या गाड्यांत हा स्विच एका वायरचा असतो आणि त्याला अर्थ (अर्थिंग) स्वतःच्या आट्यांतून, इंजिन ब्लॉककडून मिळतो. दाब नसताना तो बंद असतो, म्हणजे त्याचं सर्किट जोडलेलं असतं, म्हणून चावी ऑन केल्यावर दिवा पेटतो. साधारण 0.3 ते 0.5 बारला तो उघडतो, सर्किट तुटतं आणि दिवा विझतो.

दिवा कधीच पेटत नसेल तर चावी ऑन ठेवून कनेक्टर काढा आणि वायरचं टोक ब्लॉकला टेकवा. दिवा पेटला तर वायर ठीक, दोष स्विचचा किंवा त्याच्या अर्थचा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचा जाड थर गुंडाळलेला असला तरी असं होतं. दिवा पेटला नाही तर वायर तुटलेली, फ्यूज उडालेला किंवा मीटरमधला दिवाच गेलेला.

उलट दिवा विझतच नसेल तर इंजिन लगेच बंद करा, डिपस्टिक पाहा, आणि मग इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन ठेवून कनेक्टर काढा. तरीही दिवा पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. स्विच बहुधा ऑइल फिल्टरजवळ असतो. तिथे मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) उष्णतेनं वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि पावसाळ्यात बोनेटखाली शिरलेले उंदीर उरलंसुरलं कुरतडतात. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकत असेल तर वायरकडे बघा. गरम इंजिनवर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) लुकलुकून रेस दिल्यावर विझत असेल तर तो वायरचा दोष नव्हे. कनेक्टरमध्ये तेल दिसलं तर स्विचचा पडदा फाटलाय, तो बदलायचाच.

दोन अपवाद लक्षात ठेवा. जुन्या फोक्सवॅगन इंजिनांत 1.8 बारचा आणखी एक स्विच असतो. तो दाबानं बंद होतो आणि 2000 आरपीएमच्या वर दाब कमी असेल तर बझर वाजवतो, त्याच्यावर वरची चाचणी उलटी लागते. तीन वायरींचा सेन्सर असेल तर कुठलीही वायर अर्थला टेकवू नका. तिथे स्कॅनरवर पी0520 ते पी0523 हे दोषाचे कोड बघायचे आणि 5 व्होल्टचा पुरवठा मोजायचा.

कनेक्टर काढल्यावर दिवा विझला, तर वायरिंगनं आपलं काम केलं. आता स्विच खोटा की दाब खरंच कमी, हे मल्टिमीटर सांगू शकत नाही. इंजिन चालू असताना स्विच शून्य ओहम दाखवत असेल तर दोन्ही शक्यता उरतात. इथे गेज लागतो.

किटची पहिली अडचण आट्यांची आहे. जपानी गाड्यांत बहुधा 1/8 बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे निमुळते) आटे असतात, इंचाला 28. किटमध्ये तसेच दिसणारे 1/8 एनपीटीचेही (अमेरिकन मापाचे) अडॅप्टर असतात, इंचाला 27. दोन-तीन फेरे सहज जातात, मग अडकतात. तिथे जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे आटे जातात, आणि ते नुकसान किटच्या किमतीच्या कितीतरी पट. अडॅप्टरवर खुणा पुसट असतात, काहींवर नसतातच. काढलेल्या स्विचशेजारी अडॅप्टर धरून आटे एकमेकांत बसवून पाहा, फट दिसली तर तो ठेवून द्या. हाच या किटचा सर्वांत मोठा दोष.

स्विच काढायला अनेक जपानी गाड्यांत 24 मिमीचा खोल सॉकेट लागतो, तो किटमध्ये नसतो. होज मॅनिफोल्ड आणि बेल्टपासून लांब बांधा. इंजिन दहा सेकंद चालवून बंद करा, गळती पाहा, मगच पुढे जा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल उडालं तर आग लागते. थंड तेलाचं रीडिंग फसवं असतं, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. मग आयडलला आणि 3000 आरपीएमला रीडिंग घ्या आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. 3000 ला दाब भरपूर आणि आयडललाही 1 बारच्या वर असून दिवा पेटत असेल, तर दोष स्विचचा.

दुसरी अडचण डायलची. 2.5 क्लासच्या (क्लास म्हणजे अचूकतेचा दर्जा) गेजला पूर्ण स्केलच्या 2.5 टक्के चूक माफ असते, म्हणजे 10 बारच्या डायलवर पाव बार. टोयोटाच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना आयडलला किमान दाबच सुमारे 0.3 बार पुरतो. म्हणजे जिथे निकाल लावायचा तिथेच हा काटा अंदाजपंचे बोलतो, आणि या किटच्या डायलवर तर क्लासही छापलेला नसतो. 3000 आरपीएमच्या रीडिंगला डायल पुरेसा, आयडलच्या निकालाला नाही. हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सामानाच्या दुकानातून 0 ते 4 बारचा डायल वेगळा घ्या. होजला बसणारा आटा तपासून घ्या, आणि तो फक्त तेल गरम झाल्यावर, आयडलपुरताच लावा. थंड इंजिनवर किंवा रेस दिल्यावर दाब 4 बारच्या वर जाऊन काटा कायमचा वाकेल.

त्याच डायलवर, टायरचा पंप आणि 1/8 फिटिंग वापरून, काढलेला स्विचही टेबलावर तपासता येतो: मल्टिमीटरची बझर कोणत्या दाबाला थांबते ते बघायचं. नवा स्विच बसवण्याआधीही ही चाचणी जरूर करा. बसवताना टेपऐवजी सीलंट, तेही पहिले दोन आटे सोडून, आणि 13 ते 18 न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरे.

गॅरेजवाल्यानं हे किट घ्यावं, सोबत आटे मोजायचा पिच गेज आणि लहान डायल धरून. एकाच गाडीच्या मालकानं सगळं किट घेऊ नये, आपल्या गाडीच्या आट्याचा एक चांगला अडॅप्टर, होज आणि दोन डायल सुटे घेतलेले बरे.