घरी तो कसा असतो, हे शाळेने विचारले तेव्हा

आमचा मुलगा बेळगावच्या शहापूर-वडगाव पट्ट्यातील विणकर वस्तीत असलेल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकतो. गेल्या जूनपासून या शाळेत, एखाद्या मुलाचे वर्गातील वागणे सांभाळणे कठीण जाऊ लागले की त्याच्या घरच्यांना आधी विचारायचे आणि मगच काय करायचे ते ठरवायचे, अशी पद्धत सुरू झाली आहे. एका सेवाभावी संस्थेतील समुपदेशक ताई त्यासाठी दर शनिवारी सकाळच्या शाळेत येतात. पालकांना त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. वर्षभराच्या अनुभवानंतर या सेवेविषयी लिहावेसे वाटले, कारण तिने आमच्या मुलाचे भले केले आहे आणि तिच्यातील काही उणिवा दूर झाल्या नाहीत तर ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे तेच पालक तिच्यापासून दूर राहतील, अशी मला काळजी वाटते. तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे शाळेचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

दुसरीच्या वर्षी मुलाच्या वहीत शेरे येत असत : मोठ्याने बोलतो, बाकावर पेन्सिल आपटतो, सांगितले तर उठून बाहेर जातो. मला शाळेत बोलावले जाई ते ऐकून घेण्यासाठी. मी मान खाली घालून ऐकत असे, घरी येऊन मुलाला रागावत असे, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच शेरा येत असे. त्या संपूर्ण वर्षात घरी तो कसा असतो, असे मला कोणी विचारले नाही आणि आपण होऊन सांगावे असे मलाही सुचले नाही.

तिसरीचे वर्ष सुरू झाले आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घरच्यांनी भरून द्यायचे माहितीपत्रक हाती आले. दोन पाने, पाठपोट, चौदा प्रश्न. मुलाला काय चांगले येते, हा पहिलाच प्रश्न होता, आणि तो वाचून मी पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. पुढचे प्रश्नही नेमके होते : सकाळी उठल्यापासून शाळेच्या दारापर्यंत पोहोचेस्तोवर काय काय घडते, रात्री किती वाजता झोपतो, घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, गेल्या सहा महिन्यांत घरात काही बदल झाला का, चिडल्यावर तो कशाने शांत होतो, आणि कोणत्या वेळी तो असा मुळीच वागत नाही. ‘तुमचा मुलगा हट्टी आहे का?’ असे विचारले असते तर मी ‘हो’ लिहून कागद परत केला असता. चिडल्यावर कशाने शांत होतो, याचे उत्तर लिहिण्यासाठी मात्र मला चार दिवस त्याच्याकडे नीट पाहावे लागले.

या पाहण्याला शिस्त यावी म्हणून ताईंनी एक छोटी वही दिली होती. तीत तीन रकाने होते : आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. मुलांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोक ही पद्धत जगभर वापरतात, असे त्यांनी सांगितले. एखादे वागणे पुन्हा पुन्हा का घडते, हे नुसत्या वागण्याकडे पाहून कळत नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे पाहिले तर कळते, असे त्यामागचे कारण. अशीच एक वही वर्गशिक्षिका बाईंकडे होती. दोन आठवडे त्यांनी शाळेत लिहिले, मी घरी लिहिले, आणि एका शनिवारी आम्ही दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. वीज असेल तोवर ते चालतात. मुलगा जन्मला तेव्हापासून त्याच्या कानावर धोट्याचा तो आवाज आहे. आमच्या घरात मुलाला हाक मारायची तर ओरडूनच मारावी लागते. सासूबाई त्या दिवशी माझ्याबरोबर शाळेत आल्या होत्या. मोठ्याने बोलण्याविषयीचा शेरा ऐकून त्या आश्चर्याने म्हणाल्या, “आमच्या घरात हळू बोललं तर ऐकू यायचं कसं?” बाईंनी तेव्हाच हातातली लेखणी खाली ठेवली. वर्षभर ज्याला आपण उद्धटपणा समजलो तो या मुलाचा रोजचा आवाज आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेले मी पाहिले.

पेन्सिलीचे कोडे वह्यांमुळे सुटले. बाईंच्या वहीत नऊ नोंदी होत्या आणि त्यांतील सात, वर्ग अगदी शांत असताना, शुद्धलेखनाच्या वेळच्या होत्या. त्या सातही वेळा क्रम एकच : वर्ग शांत, पेन्सिलीचा ठेका सुरू, बाई पेन्सिल काढून घेतात, मुलगा उठून बाहेर व्हरांड्यात जातो, लिखाण राहून जाते. माझ्या वहीत एक नोंद अशी होती की वीज गेली, माग थांबले, आणि अभ्यासाला बसलेला मुलगा चुळबुळ करून बोटांनी पाटावर ठोकू लागला. दोन्ही नोंदी ताईंनी मोठ्याने वाचल्या. आवाज थांबला की तो अस्वस्थ होतो, आणि थांबलेला आवाज स्वतःच्या हाताने पुन्हा सुरू करतो. घरच्या वहीशिवाय हे बाईंना कळले नसते, आणि बाईंच्या वहीशिवाय मलाही नाही.

ताईंनी येथे घाई केली नाही, हे मला विशेष नोंदवावेसे वाटते. कानाची तपासणी आधी करून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही आवाजाची धोक्याची मर्यादा मानली जाते आणि मागाच्या शेडमध्ये आवाज सहसा तिच्यावरच असतो. अशा घरातील मूल मोठ्याने बोलत असेल तर ती सवय आहे की त्याला कमी ऐकू येते, हे आधी पाहिले पाहिजे. आमच्या वस्तीतील प्रत्येक पालकाने हे लक्षात ठेवावे. सुदैवाने मुलाचे कान चांगले निघाले. मागाच्या खोलीचे दार अभ्यासाच्या आणि झोपण्याच्या वेळी लावून घेण्याची पद्धत आम्ही तेव्हापासून ठेवली आहे.

त्यानंतर केलेले उपाय साधे होते. मुलाला मागच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आणले. ठेका धरायचाच असेल तर धरावा, पण घडी घातलेल्या सुती कापडावर, असे ठरले. ते कापड आमच्याच मागावरचे, मी घरून दिले. आवाज वाढला की बाई त्याला बोलून टोकत नाहीत, तळहात हळूच खाली करतात. शुद्धलेखनाच्या मध्यावर त्याने फळा पुसायला उठायचे, म्हणजे त्याला उठण्याचे हक्काचे कारण मिळते. दिवाळीपर्यंत व्हरांड्यात जाणे जवळजवळ थांबले. मोठ्याने बोलणे अजून आहे, विशेषतः सोमवारी. पण वहीत शेरा येत नाही, आणि मुलगा सकाळी पोट दुखते असे म्हणत नाही.

आता उणिवांविषयी. माहितीपत्रक पहिल्यांदा आले ते फक्त कानडीत. सरकारी कागद कानडीत येतात हे आम्हाला ठाऊक आहे आणि मुले शाळेत कानडी शिकतात याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मराठी शाळेतील आजीला आपल्या नातवाविषयी मनातले सांगायचे असेल तर प्रश्न तिला वाचता आला पाहिजे. आम्ही पाच-सहा जणींनी मागणी केल्यावर तीन आठवड्यांनी मराठी प्रत मिळाली, तीही अशा भाषेत की ‘वर्तनविषयक पूर्वघटक’ म्हणजे ‘वागण्याच्या आधी काय घडले’, हे बाईंनी आम्हाला समजावून सांगावे लागले.

पालकांच्या भेटीची वेळ सुरुवातीला बुधवारी सकाळी अकराची होती. आमच्याकडे मजुरी कापडाच्या मापावर मिळते. माग थांबला की कमाई थांबते. त्यामुळे वडील येत नाहीत आणि ‘वडिलांना रस नाही’ अशी नोंद होते, जी अन्यायाची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि आमच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, ते आहेतही. तेथे मी हा विषय मांडला. त्यानंतर शनिवारी शाळा सुटल्यावरची वेळ मिळू लागली आणि मुलाचे वडील दोनदा येऊन गेले.

सर्वांत मोठी तक्रार जागेची आहे. ही भेट मुख्याध्यापकांच्या खोलीत होते, आणि दारात इतर पालक उभे असतात. घरात कोणी दारू पिते का, भांडणे होतात का, हे प्रश्न कशासाठी विचारले आहेत ते कागदावर कोठेही लिहिलेले नाही. माझ्या आधी आत गेलेल्या एका आईने त्या प्रश्नावर मान हलवून ‘नाही’ म्हटले आणि डोळे पुसतच ती बाहेर आली. खरे उत्तर त्या दाराआड कोणाकडेही न बोलता राहून गेले असेल, तर त्या मुलासाठी ही सारी विचारणा व्यर्थ गेली. एक पडदा, एक वेगळी खोली आणि ‘हा कागद कोण वाचेल, कोठे ठेवला जाईल’ हे सांगणाऱ्या दोन ओळी, एवढ्याने खूप फरक पडेल. मी हे लेखी दिले आहे. अद्याप काही झालेले नाही.

ज्या पालकांना असे पत्रक मिळेल त्यांनी ते एका बैठकीत भरू नये, आठवडाभर जवळ ठेवावे आणि घरातील ज्या माणसाजवळ मूल सर्वाधिक वेळ असते त्याला सोबत बसवून भरावे. आमच्या घरात ते माणूस सासूबाई होत्या, आणि पत्रकावर सहीसाठी जागा मात्र फक्त आईची होती.

जूनमध्ये मुलगा चौथीत जाईल, बाई बदलतील. वह्या आणि ठरलेल्या उपायांचा कागद नव्या बाईंकडे जाईल असे तोंडी सांगण्यात आले आहे. पहिल्या शनिवारी मी त्या कागदाची प्रत आणि कापडाचा नवा तुकडा घेऊन शाळेत जाणार आहे.