१३,८०० किलोमीटर चाललेली होंडा एस२०००: मागितलेला भाव आणि खरे संग्रहमूल्य

दोन दशके उलटलेल्या स्पोर्ट्स कारचे रीडिंग अवघे १३,८०० किलोमीटर आहे असे कळले, की ती पाहायला जाणारा माणूस घरातून निघतानाच निम्मा पटलेला असतो. मीही तसाच गेलो होतो. गाडी २००१ सालची, दोन लिटर इंजिनाची, पहिल्या मालिकेतली होंडा एस२०००, मालक एकच. ६०-७० हजार किलोमीटर चाललेल्या पण नीट राखलेल्या एस२०००ला जो भाव येतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम विकणाऱ्याने सांगितली होती. म्हणजे निम्मे पैसे गाडीचे आणि निम्मे त्या पाच आकड्यांचे. या दुसऱ्या निम्म्याला काही आधार आहे का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

गाडीच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. होंडाच्या पन्नाशीच्या निमित्ताने आखलेली ही दोन आसनी, उघड्या छताची गाडी १९९९ मध्ये बाजारात आली. होंडाचीच एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार घडवणारे शिगेरू उएहारा हेच या प्रकल्पाचेही प्रमुख होते. १,९९७ सीसीचे हे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि जपानी आवृत्तीत टर्बोच्या मदतीशिवाय २५० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे १२५ अश्वशक्ती देते. २००४ पासून उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांना २.२ लिटरचे इंजिन मिळाले. खालच्या वेगात ते अधिक सोयीचे आहे, पण त्याची मर्यादा सुमारे ८,००० फेऱ्यांवर आली, आणि म्हणूनच सुरुवातीच्या गाड्यांचा चाहता वर्ग आजही वेगळा आहे. २००९ मध्ये उत्पादन थांबले आणि त्यानंतर या गाडीला वारस आला नाही. टर्बोशिवाय, नैसर्गिक श्वासावर चालणारे, चढ्या फेऱ्यांचे इंजिन, मॅन्युअल गिअर आणि मागच्या चाकांना ताकद, हे तिन्ही एकत्र मिळणे आता विरळ झाले आहे. मागणी टिकून आहे ती त्यामुळे.

मात्र मागणी असणे आणि दुर्मीळ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एस२०००च्या एकूण सुमारे १ लाख १० हजार गाड्या बनल्या. दुर्मीळ म्हणावी अशी तिची सीआर ही आवृत्ती, जी ७०० पेक्षा कमी संख्येने निघाली. शिवाय केवळ संख्येवर विसंबणेही धोक्याचे असते. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर ही फक्त मॅन्युअल गिअरची गाडी अवघ्या ९९१ नगांच्या मर्यादित संख्येत काढली, तेव्हा तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले. पुढच्याच वर्षी कंपनीने ९११च्याच जीटी३ या आवृत्तीत मॅन्युअल गिअर परत आणला आणि 'आर'चे भाव खाली आले. गाड्यांची संख्या होती तेवढीच होती. एस२०००चे उलट आहे. बनल्या भरपूर, पण त्यांतल्या असंख्य गाड्या ठोकल्या गेल्या, शर्यतींत वापरल्या गेल्या किंवा हौसेपोटी बदलल्या गेल्या, आणि मूळ रंग, मूळ एक्झॉस्ट, मूळ सस्पेन्शन असलेली गाडी आता शोधावी लागते. अशा गाडीचे संग्रहमूल्य तिच्या अस्सलपणात असते. कमी रीडिंग हा त्या अस्सलपणाचा एक पुरावा, आणि तोही साक्षीदारांशिवाय टिकणारा नव्हे. मीटर डिजिटल आहे, तो बदलता येतो, त्यातला आकडाही बदलता येतो.

म्हणून मी आधी टायरपाशी बसलो. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. येथे चारही टायरवर २००१ सालचीच खूण होती, म्हणजे गाडी कारखान्यातून आली तेव्हाचेच टायर आजही तिच्यावर आहेत. मागच्या दोन्हींची नक्षी जवळजवळ संपलेली आणि पुढच्यांची निम्म्याहून अधिक शिल्लक. मऊ रबराचे टायर आणि मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत १३-१४ हजार किलोमीटरनंतर नेमके हेच दिसायला हवे. खोटे रीडिंग लावणारा माणूस टायर बदलण्याचे लक्षात ठेवतो, पण झिजेचा असा हिशेब त्याला जुळवता येत नाही. क्लचच्या पॅडलचे रबर कडांना अजून धारदार होते. चालकाच्या सीटची दाराकडची कड, जी उतरता-चढताना सर्वांत आधी सुरकुतते, तीही ताठ होती. रीडिंग खरे आहे, हे मी येथेच मान्य केले. गंमत अशी की, ज्या टायरांनी ही साक्ष दिली, त्यांच्यावर गाडी चालवणे मात्र शुद्ध वेडेपणा ठरेल. इतक्या वर्षांत रबर दगडासारखे कडक होते. ते जपून बाजूला ठेवायचे आणि चालवायला नवा संच घ्यायचा, हा खर्च पहिल्याच दिवसाचा.

रंगापाशी मात्र पाणी मुरताना दिसले. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने सर्वत्र १०५ ते १३० मायक्रॉन दाखवले आणि डाव्या पुढच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, एकदम २९०. (बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे, फक्त लोखंडावर चालणारे स्वस्त यंत्र तेथे काहीच दाखवत नाही, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.) या गाडीच्या सुट्या पत्र्यांच्या आतल्या बाजूला गाडीचा क्रमांक छापलेली छोटी चिकटपट्टी होती, नेमकी डाव्या फेंडरवर ती नव्हती. म्हणजे तो पत्रा नुसता रंगवलेला नसून बहुधा बदललेला आहे. आतला सांगाडा सरळ होता, वेल्डिंगच्या खुणा नव्हत्या, दाराच्या फटी दोन्हीकडे सारख्या होत्या. तेव्हा अपघात मोठा नसावा. परंतु "एक ओरखडासुद्धा नाही" असे फोनवर सांगितले गेले होते, आणि ते वाक्य या २९०च्या आकड्यासमोर टिकले नाही.

खरी अडचण सर्व्हिस बुकमध्ये आहे. २००८ पर्यंतच्या नोंदी नियमित आहेत, त्यानंतरची नोंद थेट २०१५ ची, आणि या सात वर्षांत रीडिंग वाढले आहे ते फक्त ४०० किलोमीटरनी. गाडी चाललीच नाही तर करायचे काय, असा मालकाचा प्रश्न होता, आणि कमी चाललेल्या गाड्यांचे नेमके याच समजुतीने नुकसान होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडी चालो न चालो, ते दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते. जुने पेट्रोल टाकीत आणि इंजेक्टरमध्ये चिकट थर धरते. वापर नसला की सील आणि रबरी नळ्या कोरड्या पडून तडकतात. या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, त्यामुळे बेल्टचा मोठा खर्च वाचतो हे खरे, पण ती ताणून धरणाऱ्या भागाची, म्हणजे टेन्शनरची, खडखड हा या मॉडेलचा परिचित आजार आहे. मी मुद्दाम थंड इंजिन सुरू करायला सांगितले. लाल बटण दाबल्यावर तीन-चार सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला. टेन्शनर बदलणे फार अवघड नाही, मात्र भावाच्या बोलण्यात ते धरायला हवे. दुसरा गिअर थंडीत अडतो अशी सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रार असते. येथे तो लोण्यासारखा पडत होता. छताचे कापड दुमडण्याच्या कोपऱ्यांवर घासलेले आहे, अजून फाटलेले नाही. मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडली आहे; पुढच्या वर्षांत होंडाने तेथे काच दिली, पण संग्राहकाच्या नजरेने पाहिले तर हे मूळचे प्लास्टिकच राहू द्यावे.

सोबत दोन्ही किल्ल्या, हत्यारांची पिशवी, मूळ रेडिओ आणि खरेदीची पावती आहे. हौशी माणसाला या वस्तू किरकोळ वाटतील, पण पुढे ही गाडी विकताना गिऱ्हाईक यांच्याकडेच आधी पाहील.

आता भावाबद्दल. चालवण्यासाठी गाडी हवी असेल, तर ही घेऊ नये. येथे निम्मे पैसे न चाललेल्या किलोमीटरांचे आहेत आणि प्रत्येक फेरीत ते थोडे थोडे रस्त्यावर सांडणार. त्यापेक्षा नियमित तेल बदललेली, ६० हजारांची गाडी अधिक विश्वासाची आणि आनंदाची. संग्रहासाठी हवी असेल, तर दुप्पट भाव फक्त त्या गाडीला शोभतो जिचा प्रत्येक पत्रा मूळचा आहे आणि जिच्या नोंदींत खंड नाही. ही त्या पंक्तीत थोडक्यासाठी बसत नाही. टायर, टेन्शनर, सगळी तेले आणि नळ्या यांचा खर्च वजा करून, फेंडरची खोट धरून, नीट राखलेल्या सामान्य गाडीच्या सव्वापट ही माझ्या मते योग्य रक्कम आहे, आणि तोच आकडा मी मालकांना कळवला. त्यांना तो अपमानास्पद वाटला, हे मी समजू शकतो. फेंडर का बदलला याचे जुने बिल आणि त्या वेळची छायाचित्रे त्यांच्या घरी कुठेतरी असतील असे ते म्हणाले. ती मिळाली आणि धक्का खरोखर किरकोळ होता असे दिसले, तर मी दीडपटीपर्यंत जाईन.