शिवसागरच्या गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम अ‍ॅनोडचा संच: घ्यावा, पण बोल्ट आपले लावावेत

अ‍ॅनोड म्हणजे बोटीच्या तळाला लावायचा, स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा ठोकळा. त्याला सगळे सरसकट ‘झिंक’, म्हणजे जस्त, म्हणतात आणि दुकानातही झिंकच मागतात. शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, बामणोली-तापोळ्याकडच्या पाण्यात नेमकं तेच चालत नाही. समुद्रात जस्त उत्तम काम करतं, पण गोड्या पाण्यात त्यावर पांढरट कडक थर धरतो आणि ते निकामी होतं. शिवाय या पाण्यातून वीज सहजी वाहत नाही, त्यामुळे जस्त आणि लोखंड यांच्यातला सुमारे ०.४ व्होल्टचा फरक पुरत नाही. मॅग्नेशियमचा जोर जस्तापेक्षा साधारण अर्ध्या व्होल्टने जास्त असतो. कोकणातून आणलेल्या जुन्या बोटीचं झिंक इथे दोन वर्षांनीही नव्यासारखं दिसलं तर खूश होऊ नका. अ‍ॅनोड झिजत नाही, याचा अर्थ त्याच्या वाट्याचं पाण्यातला पंखा, तो फिरवणारा शाफ्ट आणि सुकाणूची दांडी झिजते आहे.

या संचात दीड किलोची मॅग्नेशियमची चपटी वीट, १० चौ. मिमीची पाच मीटर हिरवी केबल, सहा बोल्टांची तांब्याची पट्टी, थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि शाफ्टवर टेकणारा कार्बन ब्रश येतो. आत डिझेल इंजिन असलेल्या फायबरच्या बोटीसाठी एवढं सामान बरोबर आहे.

विटेचं ओतकाम चांगलं आहे. मधून लोखंडी पट्टी आरपार ओतलेली आहे आणि बोल्ट त्या पट्टीला लागतात. स्वस्तातल्या विटांमध्ये बोल्ट थेट मॅग्नेशियमच्या भोकातून जातो. भोकाच्या कडा आधी झिजतात, वीट सैल होते आणि निम्मा माल शिल्लक असतानाच संपर्क तुटतो. केबलही खरी आहे. सोलल्यावर आतल्या तारा चंदेरी दिसतात, म्हणजे कथिलाची कल्हई आहे. नुसत्या तांब्याची केबल तळातल्या ओलीत आतून काळी पडत जाते, वरून मात्र काही कळत नाही.

तक्रार बोल्टांची आणि थिंबलांची. बोल्ट साध्या लोखंडाचे, वर नुसता मुलामा. पहिल्याच हंगामात गंजतील. ते बाजूला ठेवून ३१६ स्टेनलेसचे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर आणा. थिंबलवर स्लीव्ह नाही. गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, नाहीतर वातीत तेल चढावं तसं पाणी तारांमधून आत चढतं. आणि सोबतच्या कागदात ब्रश ‘ऐच्छिक’ लिहिला आहे, ही मोठी चूक.

शाफ्ट इंजिनाला जोडलेला दिसतो, म्हणून तो बॉन्डिंगलाही, म्हणजे सगळे धातूचे भाग अ‍ॅनोडशी जोडणाऱ्या केबललाही, जोडलेला आहे असं समजू नये. कपलिंगमध्ये रबर असतं, गिअरबॉक्समध्ये तेलाचा पडदा असतो, मागची बुशही रबराची. त्यामुळे पंखा आणि शाफ्ट विजेच्या दृष्टीने सुटे राहतात. अ‍ॅनोड सुकाणूला वाचवतो आणि सगळ्यात महाग भाग उघडा पडतो. ब्रश बसवण्याआधी शाफ्टचा तेवढा पट्टा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत करा, तिथे ग्रीस लावू नका आणि ब्रशची स्प्रिंग दर महिन्याला दाबून पाहा.

जोडणीच्या जागी रंग, जुना गंज, जेलकोट सगळं घासून धातू उघडा करा. बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस चालेल, मध्ये नको. विटेला रंग कधीही लावायचा नाही. जुनं झिंक मात्र आधी काढा; दोन्ही एकाच बॉन्डिंगवर ठेवले तर मॅग्नेशियम जस्ताला वाचवण्यातच खर्ची पडतं.

तपासणीसाठी मल्टिमीटरच्या ओहमवर विसंबू नका, त्याच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. केबलचं एक टोक सोडवा. बॅटरीच्या अधिक टोकाकडून ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब मध्ये घेऊन त्या टोकाला जोडा आणि दुसरं टोक ज्या भागाला आवळलेलं आहे तो भाग बॅटरीच्या उण्याला. साडेचार अँपिअर वाहतात. आता केबलचं सुटं टोक आणि त्या भागाचा उघडा धातू यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत असेल तर जोड चांगला, ०.३ दिसला तर थिंबल किंवा बोल्टाखाली घाण आहे.

अ‍ॅनोड प्रत्यक्षात काम करतो का, हे मोरचूदच्या (कॉपर सल्फेटच्या) सेलने कळतं. तासगाव-मिरजेकडे द्राक्षांवरच्या बोर्डो फवारणीसाठी घरोघरी असतं तेच मोरचूद. प्लॅस्टिकच्या नळीला तळाशी मऊ लाकडाचं बूच, आत संपृक्त द्रावण, तळाशी न विरघळलेले खडे आणि तांब्याची सळई. सेल बोटीशेजारी पाण्यात धरा, मीटरची काळी वायर सळईला, लाल धातूला. लोखंडी तळाच्या बोटीला उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवा. फायबरच्या बोटीत पंखा-शाफ्टचं माप अ‍ॅनोड जोडण्याआधीपेक्षा निदान ०.२ व्होल्टने जास्त उणे झालं पाहिजे. द्रावण अ‍ॅल्युमिनियमवर सांडू देऊ नका. तांबं चढतं आणि तिथेच खड्डे पडतात.

हेच माप घेत तळातला पंप, दिवे, हॉर्न एकेक चालू करा. एखाद्याने काटा उण्याकडून शून्याकडे सरकला तर वीज गळते आहे. बहुतेक वेळा पंपाच्या फ्लोट स्विचचा साध्या टेपने गुंडाळलेला जोड पाण्यात पडलेला असतो. अशी गळती शाफ्ट दिवसांत खाते. त्यावर कितीही मोठा अ‍ॅनोड लावून उपयोग नाही, आधी जोड बदलायचा.

मॅग्नेशियमचा किलो साधारण १,१०० अँपिअर-तास देतो. १०० मिलिअँपिअर सतत खर्च धरला तर दीड किलोची वीट निम्मी व्हायला अकरा महिने लागतात. निम्मी झाली की बदलायची, म्हणून पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की वीट वजनकाट्यावर घालून पाहणं सोयीचं.

सांगलीकडे महापुरासाठी ठेवलेल्या आउटबोर्डच्या बोटींना हा संच नको. त्या इंजिनांना स्वतःचा छोटा अ‍ॅनोड असतो, तोच मॅग्नेशियमचा मागवावा. लाकडी बोटीला अजिबात लावू नका, बोल्टांभोवती क्षार तयार होऊन लाकडाचे तंतू सुटतात. बोट घाट उतरून खाडीत न्यायची असेल तर वीट काढून अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड लावा. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम फार झपाट्याने संपतं आणि तळाच्या रंगाला फोड आणतं.

पाचपैकी साडेतीन. बोल्ट आणि स्लीव्ह सुधारले तर साडेचार.