बायबल जर्नलिंग: कॉफीचं पाणी की जुन्या पाकिटांची कात्रणं?

बायबल जर्नलिंगला, म्हणजे बायबलच्या पानांच्या मार्जिनमध्ये रंग, चित्रं, कात्रणं लावून सजवायला, महागडे रंगच लागतात असं काही नाही, मी घरातल्या दोनच गोष्टी आलटून पालटून वापरते. कॉफीचा इफेक्ट खरंच भारी येतो, चमचाभर इन्स्टंट कॉफी थोड्याशा कोमट पाण्यात विरघळवायची, ब्रश जवळजवळ कोरडा करून मार्जिनमध्ये फिरवायचा, वाळताना कडेला गडद तपकिरी रेघ आपोआप उमटते. पण बायबलचा कागद झेरॉक्सच्या कागदापेक्षा खूपच पातळ, जरा पाणी जास्त झालं की पान सुरकुततं आणि डाग थेट मागे. माझं स्तोत्र 23 असंच गेलं, वचनं सहाच, त्यातली दोन तपकिरी!! खाली प्लास्टिकचा तुकडा सरकवला असता तर निदान पुढची पानं तरी वाचली असती.

पाकिटांचं तसं टेन्शन नाही. बिलाच्या पाकिटाला आतून निळं बारीक डिझाइन असतं ना, ते हाताने फाडून योनाच्या पुस्तकाशेजारी (बायबलमधली समुद्रात फेकलेल्या संदेष्ट्याची गोष्ट) लावलं तर हुबेहूब लाटा वाटतात (कात्रीने कापलं की मजा जाते). ग्लू स्टिकच घ्या, पातळ गोंद नको, परत तेच पाणी आलं. वर्तमानपत्रही टाळा, पिवळं पडतं. एकच त्रास, दहा-बारा पानांनंतर बायबल फुगायला लागतं.

आता मी छापील बायबलात फक्त कात्रणं लावते, कॉफी वेगळ्या जाड वहीत. स्तोत्र 119 पण तिथेच, 176 वचनं आहेत, मार्जिनमध्ये कुठे मावणार.