एका रविवारात महिन्याच्या पोस्ट: नऊ महिन्यांनंतर

गोव्यात डिचोलीत आमचा घरगुती धंदा आहे. सोलां (कोकमाची वाळवलेली सालं), आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), फणसाचे पापड. करणाऱ्या दोघी, सासूबाई आणि मी. विकणारी मी एकटी. फेब्रुवारीपर्यंत रोज रात्री भांडी आवरली की "आज इन्स्टाग्रामवर काय टाकू" म्हणत फोन घेऊन बसायचे आणि काहीच न टाकता झोपायचे. मग ठरवलं, महिन्याचा एक रविवार यालाच द्यायचा. फोटो, रील, कॅप्शन सगळं त्या दिवशी उरकायचं आणि तारखा लावून मोकळं व्हायचं.

खर्च शून्य. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल केलं की ७५ दिवस पुढची पोस्टसुद्धा अ‍ॅपमधूनच लावता येते. फेसबुकही सोबत हवं असेल तर मेटा बिझनेस स्वीट (मेटाचंच फुकटचं साधन) पुरतं. मधे दोन महिने पैसे भरून दुसरं एक अ‍ॅप घेतलं होतं. त्याची खात्याशी जोडणी गुपचूप तुटायची, पोस्ट जायचीच नाही आणि मला पत्ता नाही. सोडलं.

पहिल्या रविवारी तीस पोस्ट करायच्या म्हणून बसले, अकराव्याला शब्द संपले. सगळीकडे "घरगुती, शुद्ध, ताजं". आता महिन्याला बाराच करते, आणि गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते वहीत टिपून तेच कॅप्शनला वापरते. "आगळात मीठ असतं काय?" (असतं. सोलकढीत आधी चाखून बघा, मगच वरून घाला.) फोटो सकाळी साडेआठच्या सुमारास, मागच्या पडवीत. स्टीलच्या ताटात माझाच हात आणि फोन दिसतो, म्हणून माल सुपात ठेवते.

महिन्याचा हिशेब मात्र आमच्या धंद्याला बसत नाही, इथे मोसमाचा हिशेब लागतो. भिंडांची, म्हणजे तुमच्याकडच्या रातांब्यांची, सालं त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. हे अंगणात दिसतं ते एप्रिल-मेमध्ये. २०२५ला तर मेमध्येच पाऊस लागला. त्याआधी मी सात-आठ सेकंदांचे चाळीसेक तुकडे घेऊन ठेवले होते: सासूबाईंची लालजांभळी बोटं, चटईवर आकसत गेलेली सालं, कडेला पांढरं धरलेलं मीठ. जुलैत घरात दिवसाही दिवा लावावा लागतो आणि वीज तर येऊन-जाऊन. तेव्हा या तुकड्यांनीच तारलं. सगळ्या खटाटोपात मला खरोखर फळलेली गोष्ट ही.

आता ज्याची अजून लाज वाटते ते. ३ मे २०२५च्या पहाटे शिरगावात लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. शिरगाव आम्हाला परकं नाही, इथल्या कितीतरी घरांतले धोंड (देवीचे व्रत करणारे भक्त) त्या रात्री तिथे होते. आम्ही सगळे फोनला चिकटलेले, कोण परतलं, कोण नाही. आणि सकाळी नऊला माझ्या खात्यावरून ढोल-ताशांच्या गाण्यावर "उन्हाळा स्पेशल ऑफर" झळकली. दहा मिनिटांत नणंदेचा फोन: "वहिनी, ते काढ आधी." मी ती पोस्ट १३ एप्रिललाच लावलेली, डोक्यातून पार गेलेली. तेव्हापासून फोटो आणि मजकूर ड्राफ्टमध्ये कितीही साठवते, पण तारीख आठवड्यापलीकडची लावत नाही, आणि सकाळी उठल्यावर आज काय जाणार आहे ते आधी बघते.

दुसरी चूक निव्वळ हसण्यासारखी. आधीच्या वर्षीची यादी तशीच उतरवून काढली होती. २०२४ला चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला. आठवड्याच्या नियमामुळे वाचले असते, पण तारखा लावताना मी कॅलेंडर न बघता यादीच बघितली. गणपती आले, दीड दिवसांचे गेलेसुद्धा, आणि आमची पोस्ट म्हणते, "चवथीच्या ऑर्डर सुरू!" म्हापशाच्या एका जुन्या गिऱ्हाइकीणबाईंनी खाली विचारलं, "पुढच्या वर्षाच्या काय?" आता सणांच्या रांगेत तारीख मोकळी सोडते आणि भरताना समोर पंचांग असतं.

फॉलोअर थोडे वाढले, फार नाही. रात्रीची कटकट गेली, तेवढ्यासाठी रविवार देणं परवडतं. माल संपला तर लावलेली पोस्ट आपणहून थांबत नाही. फणसाचे पापड संपल्यावर दोनदा ऑर्डर घेऊन माफी मागावी लागलीय.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस मात्र हातानेच, तेही बहुतेक सासूबाई टाकतात. कालचा त्यांचा फोटो वाकडा, अर्ध्या सुपावर अंगठ्याची सावली, खाली "आज भरलं" एवढंच. दुपारपर्यंत आगळाच्या सात बाटल्या गेल्या.